चेष्टेतून मिळालेला प्रवेश

वैद्यकीय प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या, की आमच्या ओपीडीत अठरा-एकोणीस वर्षांची मुले दिसू लागतात. झोप नाही, अन्न जात नाही, छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल असतो. अशा वेळी मला एलिझाबेथ ब्लॅकवेल आठवतात.

त्यांचा जन्म १८२१ चा, इंग्लंडमधील ब्रिस्टलचा. अकराव्या वर्षी त्या कुटुंबासह अमेरिकेत आल्या. १८३८ मध्ये वडील वारले; बहिणींसोबत शाळा चालवून त्यांनी घर सावरले. डॉक्टर होण्याची आवड तर सोडाच, शरीर आणि आजारपण यांची त्यांना किळस होती. पण मृत्युपंथाला लागलेल्या एका मैत्रिणीने, उपचार करणारी बाई असती तर आपले हाल कमी झाले असते, असे बोलून दाखवले. तो विचार मनात रुतला.

शिक्षिकेची नोकरी करून त्यांनी पैसे साठवले, ओळखीच्या डॉक्टरांची पुस्तके वाचली. १८४७ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या. तिथली महाविद्यालये नाही म्हणाली, न्यूयॉर्कचीही. पुरुषवेशात पॅरिसला जा, असाही सल्ला मिळाला. तो त्यांनी नाकारला. मग बारा लहान महाविद्यालयांकडे अर्ज पाठवले. उत्तराची वाट पाहतानाही शरीररचनेची खासगी शिकवणी चालूच होती.

ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा मेडिकल कॉलेजचा होकार आला. नकाराची जबाबदारी प्राध्यापकांना नको होती, म्हणून त्यांनी निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला. एकाचाही विरोध असता तर प्रवेश मिळाला नसता. मुलांना ती चेष्टा वाटली आणि सगळ्यांनी होकार दिला! २३ जानेवारी १८४९ रोजी एलिझाबेथ पदवीधर झाल्या, वर्गात पहिल्या.

त्यांची धाकटी बहीण एमिली हिला मात्र त्याच महाविद्यालयाने नाकारले. शिकागोत प्रवेश मिळाला, पण दुसऱ्या वर्षी तिथलेही दार बंद झाले. अखेर १८५४ मध्ये क्लीव्हलँडला तिने पदवी घेतली.

प्रवेश मिळाला म्हणजे सारे मिळाले, असेही नाही. १८४९ मध्येच पॅरिसला एका बाळाचे डोळे धुताना एलिझाबेथ यांच्या डोळ्यात संसर्ग गेला. एक डोळा गेला, सर्जन होण्याचे स्वप्नही गेले. तरी १८५७ मध्ये एमिलीसोबत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये गरीब स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय काढले, १८६८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय. त्यांना नाकारणाऱ्या फिलाडेल्फियातही १८५० मध्ये स्त्रियांचे महाविद्यालय निघाले. १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी तिथूनच डॉक्टर झाल्या.

यादी त्या वर्षीच्या जागा, नियम आणि थोडे नशीब दाखवते. माणसाची किंमत ठरवत नाही. वाट पाहण्याच्या दिवसांत झोपेची वेळ पाळा, रोज थोडे चाला, हातात एखादे काम ठेवा आणि दुसरा पर्याय आधीच ठरवा. पालकांनो, शेजारच्या मुलाचे गुण घरात आणू नका. मूल बोलेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागले, तर निकालाची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे आणा किंवा सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, फोन करा. जागा पुढच्या वर्षीही असतील. मूल आज जपायचे आहे.