दुर्गाबाई देशमुख : समाजकल्याणाचा हिशेब मागणाऱ्या कार्यकर्त्या

दिल्लीच्या द्वारका उपनगरातून विमानतळ मार्गावरील मेट्रोने निघालेला प्रवासी धौला कुआँ येथे उतरला, की एका लांबलचक पादचारी पुलावरून त्याला गुलाबी मार्गावरील स्थानक गाठता येते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या स्थानकाचे नाव दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस असे आहे. पाटीवरील आडनाव वाचून मराठी प्रवासी क्षणभर थबकतो. दुर्गाबाई मूळच्या तेलुगू. महाडजवळील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांच्याशी झालेल्या विवाहाने त्या महाराष्ट्राच्या सून झाल्या. तथापि चिंतामणरावांच्या पत्नी एवढीच त्यांची ओळख करून देणे योग्य ठरणार नाही.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी राजमहेंद्री येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी लावून दिलेला विवाह त्यांनी जाणत्या वयात नाकारला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्यानंतर त्यांना वारंवार कारावास भोगावा लागला. तुरुंगात त्यांना अशा निरक्षर स्त्रिया भेटल्या, की ज्यांना आपल्यावरील खटल्याचा अर्थही नीट कळलेला नव्हता. या अनुभवातूनच कायदा शिकण्याचा त्यांचा निश्चय झाला. शिक्षण अर्धवट राहिलेले होते. त्यामुळे प्रथम मॅट्रिक, मग पदवी आणि अखेरीस वकिलीची परीक्षा असा मार्ग आक्रमून १९४२ च्या सुमारास त्यांनी मद्रासमध्ये वकिली सुरू केली. तत्पूर्वी १९३७ मध्ये त्यांनी आंध्र महिला सभेची स्थापना केली होती. शिक्षणाबरोबरच रुग्णसेवा आणि परिचारिकांचे प्रशिक्षण ही कामेही या संस्थेने पुढे हाती घेतली.

संविधान सभेच्या सदस्य म्हणून काम केल्यानंतर त्या नियोजन आयोगावर आल्या. तेथे सामाजिक सेवांचा विषय त्यांच्याकडे होता. धरणे, कारखाने आणि धान्योत्पादन यांचे आकडे आयोगाजवळ होते; परंतु अनाथालये, प्रसूतिगृहे, अपंगांच्या शाळा चालविणाऱ्या संस्था देशभरात किती आहेत आणि त्यांचे काम कसे चालते, याची एकत्रित माहिती कोठेही नव्हती. पहिल्या पंचवार्षिक योजनेत अशा स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यासाठी ४ कोटी रुपये राखून ठेवण्यात आले होते. हा पैसा कोणाला आणि कोणत्या निकषावर द्यावयाचा, हा खरा प्रश्न होता.

ऑगस्ट १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी २२ जानेवारीला त्यांचा चिंतामणरावांशी विवाह झाला होता. देशाच्या तिजोरीचे मंत्री घरात आणि त्या तिजोरीतून दुर्बलांचा वाटा मागणाऱ्या अध्यक्षही त्याच घरात, असा हा दुर्मीळ योग होता. १९५४ पासून मंडळाने ग्रामीण भागात कल्याण विस्तार प्रकल्प सुरू केले. सुमारे २५ गावांच्या एका प्रकल्पात बालवाडी, बाळंतपणाची सेवा, प्रौढ स्त्रियांचे शिक्षण आणि हस्तव्यवसाय यांचा समावेश असे. मात्र खेड्यात जाण्यास तयार असलेल्या सुशिक्षित स्त्रियांची उणीव लवकरच जाणवू लागली. त्यावर शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांना दोन वर्षांत परीक्षेस बसविणारा संक्षिप्त अभ्यासक्रम दुर्गाबाईंनी पुढे आणला. स्वतः उशिरा मॅट्रिक झालेल्या व्यक्तीलाच सुचावा असा हा उपाय होता!

किती केंद्रे उघडली, किती अनुदान वाटले, हे सांगणे सोपे असते. त्या केंद्रांमुळे लाभार्थ्यांचे जीवनमान सुधारले काय, हे सांगणे मात्र कठीण. विस्तार प्रकल्पांनाही ही मर्यादा होती, हे नमूद केले पाहिजे. १९६२ मध्ये दुर्गाबाईंनी दिल्लीत समाजशास्त्रज्ञ आणि नियोजनकार यांचा एक अभ्यासगट जमविला. त्यातूनच सामाजिक विकास परिषद ही संशोधन संस्था उभी राहिली. आर्थिक वाढीचे फळ आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक न्याय या रूपांनी सामान्य माणसापर्यंत पोहोचते किंवा नाही, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावा, ही त्यामागील भूमिका होती. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा मानव विकास निर्देशांक त्यानंतर २८ वर्षांनी, १९९० मध्ये जगापुढे आला.

१९७५ मध्ये पती-पत्नी दोघांनाही पद्मविभूषण सन्मान मिळाला. अखेरची वर्षे त्यांनी आंध्र प्रदेशात व्यतीत केली. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले, तर २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांनी जगाचा निरोप घेतला.

दुर्गाबाईंनी उभे केलेले केंद्रीय समाजकल्याण मंडळ २०२२ मध्ये बंद करण्यात आले. त्यांची सामाजिक विकास परिषद मात्र दिल्लीतील लोदी इस्टेट परिसरातून काम करीत राहिली असून, आरोग्य, शिक्षण आणि मूलभूत सुविधा यांबाबत राज्ये कोठे उभी आहेत याचा आढावा घेणारा भारताचा सामाजिक विकास अहवाल तिने २००६ पासून प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.