रियासतकार सरदेसाई : नोकरीतून इतिहासाकडे

आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात दारातून आत शिरताच डाव्या हाताच्या कपाटात मराठी रियासतीचे खंड ओळीने मांडलेले दिसतात. गेल्या पावसाळ्यात त्या कपाटापाशी उभे असताना एका स्नेह्यांनी आपली चिंता आम्हांस बोलून दाखविली. त्यांची कन्या बारावीस उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली होती आणि इतिहास हाच विषय घेऊन बी. ए. होण्याचा तिने हट्ट धरला होता. इतिहास शिकून पुढे करावयाचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही स्वतः केवळ बी. ए. असून आयुष्याची तीस वर्षे केंद्र सरकारच्या चाकरीत परप्रांती काढली, म्हणूनच तो आम्हांस विचारला गेला असावा. त्या क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही. ज्या कपाटाला टेकून आम्ही बोलत होतो त्याच कपाटात ते होते, हे घरी परतल्यावर ध्यानात आले. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सरदेसायांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात, बेताच्या परिस्थितीच्या कुटुंबात झाला. रत्नागिरीस शालेय शिक्षण पुरे करून ते प्रथम पुण्याच्या फर्ग्युसन आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले व १८८८ साली बी. ए. झाले. त्या काळी पदवीधरापुढे वाटा मोजक्याच असत. शाळामास्तरकी, सरकारी कचेरी, वकिली, आणि तेही न जमल्यास एखादे संस्थान. कोकणातील कितीतरी होतकरू तरुण त्या दिवसांत बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांत पोटासाठी गेले. आज आपल्यापैकी पुष्कळांची घरे ज्या कारणाने महाराष्ट्राबाहेर वसली आहेत तेच कारण तेव्हाही होते. सरदेसाई बडोद्यास गेले ते १८८९ च्या प्रारंभी, श्रीमंत सयाजीराव महाराजांचे वाचक म्हणून.

वाचक या हुद्द्याचा अर्थ आजच्या तरुणांस सांगावा लागेल. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्याचे रीतसर शिक्षण त्यानंतर सुरू झाले. उशिरा लागलेली वाचनाची ही गोडी सयाजीरावांनी जन्मभर जोपासली. त्यांच्यासाठी ग्रंथ निवडावे, ते वाचून दाखवावे, त्यांतील सार काढून ठेवावे, ही वाचकाची कामे. त्यांत राजपुत्रांना शिकविण्याचे कामही पुढे सरदेसायांकडे आले. धन्याची मर्जी हेच वेळापत्रक होते. महाराज प्रवासास निघाले की वाचकानेही बिछाना गुंडाळून निघावे. त्यामुळे सरदेसायांस युरोपही पाहावयास मिळाला. याच नोकरीत त्यांनी मॅकिआव्हेलीचा राजनीतीवरील प्रसिद्ध ग्रंथ आणि इंग्लंडच्या विस्तारावरील सीलीचा ग्रंथ मराठीत आणला. थोडक्यात, महाविद्यालयात जे चार वर्षे झाले ते बडोद्यास पुढे कित्येक वर्षे चालू राहिले, आणि तेही पगार घेऊन!

वाचून दाखविता दाखविता एक उणीव त्यांस जाणवू लागली. इंग्लंडचा, रोमचा, फ्रान्सचा सुसंगत इतिहास हाती होता. परंतु आपल्या देशाचा सलग इतिहास मराठीत नव्हता. मराठ्यांच्या इतिहासासाठी सुद्धा १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इंग्रजी ग्रंथाकडेच धाव घ्यावी लागे. शिकविण्यासाठी काढलेल्या टिपणांतून सरदेसायांनी ग्रंथरचना आरंभिली. १८९८ साली मुसलमानी रियासत बाहेर पडली, १९०२ पासून मराठी रियासतीचे भाग येऊ लागले आणि पुढे ब्रिटिश रियासतही झाली. मराठी रियासतीची मूळ मालिका सातारचे राज्य खालसा झाले त्या १८४८ सालापर्यंत येऊन पोचली तेव्हा १९३२ साल उजाडले होते. तीस वर्षांचा हा उद्योग. त्यातील बहुतेक भार त्यांनी चाकरीतून उरलेल्या वेळात उचलला, हे आम्हां नोकरदारांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्यांच्या ग्रंथांवर टीका झाली नाही असे नाही. त्याच पिढीतील दुसरे बी. ए. म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांनी नोकरीचे पाश तोडले, गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः प्रसिद्ध केली. वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस यांचेही काम तेव्हा चालूच होते. या शोधकांच्या तुलनेत बडोद्यात बसून छापील साधनांवरून लिहिणारे सरदेसाई हे केवळ संकलनकार, असे काही विद्वान म्हणत. आमच्या मते या आक्षेपात तथ्य होते, आणि सरदेसायांनी त्याला दिलेले उत्तर उत्तम होते. नवे कागद उजेडात येताच ते आपलेच लिखाण मोडून नव्याने लिहीत. सत्तरी गाठल्यावर त्यांनी शिवछत्रपतींवरील भाग १९३५ मध्ये पुन्हा नव्याने सिद्ध केला. स्वतःच्या छापील ग्रंथातील चुका स्वतःच दुरुस्त करावयाच्या, यास मनाचा मोठेपणा लागतो. शिवाय राजवाड्यांनी खणून काढलेले धन सामान्य मराठी घरापर्यंत पोचविण्यास कोणीतरी हवाच होता. ते काम रियासतीने केले.

या चरित्रातील सर्वांत रम्य प्रकरण जदुनाथ सरकारांच्या मैत्रीचे आहे. सरकार बंगाली, शिक्षणाने इंग्रजी वाङ्मयाचे एम. ए. आणि व्यवसायाने प्राध्यापक. औरंगजेबाच्या इतिहासासाठी त्यांस मराठी कागदांची गरज भासली. सरदेसायांस फार्सी साधनांची. १९०४ च्या सुमारास सुरू झालेला पत्रव्यवहार १९५८ साली सरकारांचा अंत होईपर्यंत चालला. सरकार मराठी शिकले, महाराष्ट्रात वारंवार आले, आणि दोघांनी मिळून गड आणि रणभूमी पायांखाली घातल्या. पाटणा विद्यापीठात १९२६ साली मराठ्यांच्या इतिहासावर व्याख्याने देण्याचा मान सरदेसायांस मिळाला. एक बी. ए. झालेला संस्थानी चाकर विद्यापीठाच्या व्यासपीठावर उभा राहिला, तोही बिहारमध्ये! भाषा आणि प्रांत यांच्या भिंती अभ्यासाने कशा ओलांडता येतात याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

छत्तीसेक वर्षांच्या सेवेनंतर १९२५ मध्ये सरदेसाई निवृत्त झाले. त्या काळात दैवाने त्यांच्यावर कठोर आघात केला. शांतिनिकेतनात शिकलेला आणि उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेलेला त्यांचा गुणी पुत्र श्यामकांत ऐन तारुण्यात निवर्तला. पुढे त्यांनी त्याची पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. साठी उलटलेला, पुत्रशोकाने ग्रासलेला हा गृहस्थ पुण्याजवळ इंद्रायणीकाठी कामशेत येथे येऊन राहिला, तेव्हा त्याचे जीवनकार्य संपले असे कोणी म्हटले असते तर त्यास दोष देता आला नसता.

प्रत्यक्षात मोठे काम पुढेच होते. पुण्याच्या पेशवे दप्तरात सत्तावीस हजारांवर मोडी रुमाल बांधून पडलेले होते. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गाठोडे. इंग्रजी अमलात इनामांचे हक्क तपासण्यासाठी हे कागद उपयोगी पडत, म्हणून सरकार ते जपून ठेवी आणि अभ्यासकांस तेथे सहजी प्रवेश देत नसे. अखेर निवडक कागद छापण्याचे ठरले आणि सरकारांच्या आग्रहावरून हे काम सरदेसायांवर सोपविण्यात आले. पुण्यातील काही संशोधकांस ही निवड रुचली नाही. त्यावरून वादही झाला. सरदेसाई वादात न गुंतता हाताखालच्या मंडळींसह रुमाल सोडीत बसले. मोडी वाचावयाची, तिथी-सनांचा मेळ घालावयाचा, महत्त्वाचे निवडावयाचे आणि बाकीचे पुन्हा जागच्या जागी बांधावयाचे. १९३० ते १९३४ या अवधीत निवडक पेशवे दप्तराचे ४५ भाग प्रसिद्ध झाले आणि आठ हजारांहून अधिक कागद अभ्यासकांस मोकळे झाले. त्यावेळी त्यांचे वय पासष्ट ते एकोणसत्तर!

त्यानंतर पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे खंड त्यांनी सरकारांच्या जोडीने संपादिले. १९४६ ते १९४८ या काळात, म्हणजे वयाच्या ऐंशीनंतर, मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहून पुरा केला. माझी संसारयात्रा हे आत्मचरित्र १९५६ साली आले; १९५७ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे कृतार्थ आयुष्य भोगून, कामशेत येथे त्यांनी देह ठेवला.

आता आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळावे. सरदेसायांच्या काळी इतिहासाच्या अभ्यासकास राजाश्रय शोधावा लागे. आज तशी स्थिती नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि राज्यांच्या पुराभिलेखागारांत जाणत्या माणसांची गरज आहे, आणि त्या कामाचे रीतसर शिक्षणही मिळते. पुरातत्त्व खाते, वस्तुसंग्रहालये, गॅझेटियरची कचेरी, अध्यापन, वृत्तपत्रे हे मार्ग आहेतच. स्पर्धा परीक्षांत इतिहासाचा अभ्यास किती उपयोगी पडतो हे आम्ही आमच्या कचेरीत पाहिले आहे. सुरेंद्रनाथ सेन यांचे उदाहरण पाहावे. हे बंगाली विद्वान मराठ्यांच्या राज्यकारभाराचा अभ्यास करून पुढे आले, राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रमुख झाले आणि नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. मात्र पालकांस खोटा धीर देणे आम्हांस योग्य वाटत नाही. या जागा थोड्या असतात, त्यांसाठी वाट पाहावी लागते आणि एखादी जुनी लिपी वा भाषा नेटाने शिकावी लागते. मोडी सहज वाचणारे आज किती थोडे उरले आहेत! जो हे कष्ट घेईल त्याची उणीव कोठेतरी भासत असतेच. सरदेसायांस पदवीने बडोद्याच्या दारापर्यंत नेले. पुढची सत्तर वर्षे त्यांचे त्यांनाच चालावे लागले.

जाता जाता एक घरची गोष्ट. या अंकासाठी मंडळाचा पन्नास वर्षांचा वृत्तांत लिहावयास बसलो तेव्हा आरंभीच्या काही वर्षांची कार्यवृत्ते वाळवीने खाल्लेली आढळली. पहिला गणेशोत्सव कोणाच्या अंगणात झाला याविषयी दोन ज्येष्ठ सभासदांची स्मृती जुळेना आणि कागद तर उरला नव्हता. महाराष्ट्रापासून इतक्या दूर येऊन आपल्या माणसांनी जे उभारले त्याचा पुरावा आपल्याच कपाटात नष्ट झाला, याची आम्हांस लाज वाटली. त्या कन्येने यंदा बी. ए. च्या पहिल्या वर्षास इतिहास घेऊन प्रवेश घेतला आहे. उरलेली कार्यवृत्ते, वर्गणीची पुस्तके आणि जुनी छायाचित्रे लावण्याचे काम कार्यकारिणीने तिच्याकडे सोपविले असून ती दर रविवारी येऊन बसते. परवा तिने पहिला गठ्ठा सोडला, कागद झटकले, त्यांवर सालवार क्रमांक घातले आणि स्वच्छ फडक्यात पुन्हा बांधून रियासतीच्या खंडांशेजारी ठेवला. तिचे वडील शेजारी बसून तिला नावे वाचून दाखवीत होते.