प्रार्थना करणारे मालक आणि फ्रेडरिक डग्लस

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. ही गोष्ट आपल्या चळवळीतल्या पोरापोरींना पाठ असते. मात्र ती सांगताना कुणी भल्या गोऱ्यांनी काळ्यांच्या बेड्या तोडल्या, असेच चित्र उभे राहते. बेड्यांतले लोक स्वतः काय करत होते, ते राहूनच जाते. म्हणून आज फ्रेडरिक डग्लस यांच्याविषयी लिहीत आहोत.

डग्लस यांचा जन्म १८१८ चा, अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातला. आई हॅरिएट बेली गुलाम, म्हणून मूलही गुलाम. वडील कुणी गोरा माणूस. आई दूरच्या शेतावर राबायची आणि रात्री चालत येऊन लेकराला भेटून जायची. लहानपणीच त्याला बाल्टिमोर शहरात ऑल्ड कुटुंबाकडे पाठवले. मालकीण सोफिया मोठ्याने बायबल वाचायची. ते ऐकून पोराने मलाही शिकवा म्हटले आणि तिने अक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याला कळताच त्याने ते बंद पाडले. शिकलेला गुलाम हाताखाली राहत नाही, हे त्याला पक्के माहीत होते. मग फ्रेडरिक गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरीचे तुकडे देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकला.

पुढे त्याला खेड्यात थॉमस ऑल्ड या मालकाकडे परत जावे लागले. १८३३ च्या सुमारास हा थॉमस मेथॉडिस्ट पंथाच्या मेळाव्यात भक्तीला लागला. आता तो गुलामांना सोडेल, निदान पोटाला तरी नीट घालेल, अशी पोराला आशा वाटली. झाले उलटेच. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाली आणि मारही वाढला. हेनी नावाची एक गुलाम स्त्री होती. तिचे हात लहानपणी भाजून निकामी झाले होते. तिला बांधून चाबकाने मारताना हा भक्त बायबलातले वचन म्हणायचा. फ्रेडरिकने गुलाम मुलांसाठी रविवारची शाळा काढली, तर थॉमस आणि चर्चमधले पुढारीच तिच्यावर चालून आले. त्या शाळेत मुले बायबलच वाचत होती!

१८३४ साली त्याला वठणीवर आणण्यासाठी एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे वर्षभर ठेवले. गुलामांना मोडण्यात या कोव्हीची ख्याती होती आणि देवभक्तीतही. रोज दोनदा प्रार्थना करणाऱ्या या माणसाने कॅरोलाइन नावाची स्त्री विकत घेतली होती ती मुले पैदा करून घेण्यासाठी. त्यासाठी दुसऱ्याचा एक विवाहित गुलाम भाड्याने आणून तिच्यासोबत ठेवला होता. महिनोन्‌महिने मार खाल्ल्यावर सोळा वर्षांच्या फ्रेडरिकने एके दिवशी कोव्हीचा गळा धरला. बराच वेळ झटापट चालली. त्यानंतर कोव्हीने त्याच्यावर हात टाकला नाही. डग्लस पुढे आयुष्यभर हाच आपल्या मुक्तीचा क्षण मानत, कागदोपत्री ते गुलाम होते तरीही.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेषात ते आगगाडीत चढले आणि उत्तरेत निसटले. ॲना मरी या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणीने त्यासाठी मदत केली होती. पुढे त्यांचे लग्न झाले. उत्तरेत न्यू बेडफर्डला ते गोऱ्यांच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये गेले. तिथे काळ्यांनी वेगळे बसायचे आणि प्रभुभोजनाचा प्रसाद सगळ्या गोऱ्यांचा झाल्यावर घ्यायचा. डग्लस उठले आणि पुन्हा तिथे गेले नाहीत. कृष्णवर्णीयांनी अशाच अपमानातून उभारलेल्या झायन चर्चमध्ये ते सामील झाले. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

हे काही वाईट माणसांपुरते होते असे म्हणून चर्चला सुटता येत नाही. बाप्तिस्मा घेतला तरी गुलाम स्वतंत्र होत नाही, असा कायदा व्हर्जिनियात १६६७ सालीच झाला होता. धर्मप्रसार चालू राहावा आणि मालमत्ताही हातची जाऊ नये, याची ती सोय. १८४४ मध्ये बिशपने गुलाम बाळगावेत का यावरून मेथॉडिस्ट चर्च फुटले, पुढच्याच वर्षी बाप्टिस्ट फुटले आणि दक्षिणेत गुलामीच्या बाजूची चर्च वेगळी उभी राहिली.

१८४५ साली डग्लस यांनी आत्मकथन लिहिले आणि पकडले जाण्याच्या भीतीने आयर्लंड-ब्रिटन गाठले. तिथला त्यांचा एक लढा आम्हाला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. १८४३ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चने अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या चर्चकडून सुमारे ३,००० पौंड देणगी घेतली होती. माणसे विकून आलेला पैसा त्यात आहे, तो परत पाठवा, ही मागणी डग्लस यांनी गावोगाव सभा घेऊन लावून धरली. धर्माची वचने कोणती, यापेक्षा धर्माची तिजोरी कशाने भरते ते त्यांनी विचारले. पैसे परत गेले नाहीत. पण १८४६ मध्ये ब्रिटनमधल्या मित्रांनी वर्गणी काढून डग्लस यांना मालकाकडून विकत घेतले आणि मुक्त केले.

अभ्यासवर्गात मुले हमखास विचारतात, की एवढे भोगून त्यांनी तो धर्म सोडला का नाही? डग्लस यांचे म्हणणे असे, की ख्रिस्ताचा धर्म वेगळा आणि मालकांचा वेगळा. इथे आमचे त्यांच्याशी पूर्ण जमत नाही. गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी हे बायबलातच आहे. मालकांनी ते पदरचे घातलेले नाही. पण त्याच पुस्तकात इजिप्तच्या गुलामीतून सुटलेल्या लोकांची कथाही आहे आणि ती गुलामांनी आपली केली. १८३१ मध्ये व्हर्जिनियात बंड करणारा नॅट टर्नर हा धर्मोपदेशकच होता. कृष्णवर्णीयांनी स्वतःची चर्च उभारली, तिथे सभा भरवल्या, पळून आलेल्यांना आसरा दिला. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली तेव्हा अस्पृश्यांच्या हाती असे स्वतःचे काय होते? देवळाचे दारसुद्धा बंद होते. दोन्ही लढ्यांना एकाच मापाने मोजू नये.

५ जुलै १८५२ च्या रॉचेस्टर येथील भाषणात डग्लस यांनी अमेरिकेच्या चर्चला गुलामीचा आधारस्तंभ ठरवले. युद्ध झाले, १८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली, १८७० मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. त्या वेळी देवाचे आभार मानण्याऐवजी त्यांनी लढलेल्या माणसांचे आभार मानले. यावरून फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी त्यांचा निषेध केला. डग्लस मागे हटले नाहीत आणि आपल्या लोकांच्या चर्चमध्ये जाणेही त्यांनी थांबवले नाही.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी ते वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या हक्कांच्या सभेला गेले होते. संध्याकाळी घरी परतल्यावर हृदयविकाराने कोसळले. त्याच रात्री जवळच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये त्यांचे भाषण ठरले होते.