डाव्या पायावरचा भार

१० जून १९५० रोजी फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन मैदानावर बेन होगन उतरला, तेव्हा त्याचे दोन्ही पाय जांघेपासून घोट्यापर्यंत बँडेजने आवळलेले होते. यूएस ओपन स्पर्धेच्या त्या एका दिवसात ३६ होल चालून खेळायचे होते.

सोळा महिन्यांपूर्वी, २ फेब्रुवारी १९४९ला, टेक्सासमध्ये दाट धुक्यात त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली होती. पत्नी व्हॅलेरीला वाचवण्यासाठी तो तिच्या अंगावर झेपावला, म्हणून स्टिअरिंगच्या दांड्यातून स्वतःही वाचला. मात्र कमरेचे हाड दोन ठिकाणी मोडले, कॉलरबोन आणि डावा घोटाही गेला. पुढे पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या. त्या फुप्फुसात जाऊन जीव घेतील या धास्तीने डॉ. आल्टन ऑक्सनर यांनी शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मुख्य नीलाच बांधून टाकली. जीव वाचला, पण रक्ताला लहान शिरांच्या आडवाटेने परतावे लागे आणि पाय कायम सुजत.

गोल्फचा फटका हातांचा, असे पाहणाऱ्याला वाटते. तो असतो पायांचा. उजव्या हाताने खेळणारा क्लब मागे नेतो तेव्हा भार उजव्या पायाच्या आतल्या बाजूवर येतो. खाली येताना आधी कंबर डावीकडे वळते, भार डाव्या पायावर सरकतो. मग खांदे, हात आणि सर्वांत शेवटी क्लब. हात आधी धावले की भार मागेच राहतो, तोल ढळतो, चेंडू भरकटतो. होगन हे सहज शिकला नव्हता. १९३०मध्ये व्यावसायिक झालेल्या या खेळाडूला एकट्याच्या नावावर पहिली स्पर्धा जिंकायला १९४० उजाडले. चेंडू डावीकडे वळण्याची खोड त्याने वर्षानुवर्षांच्या सरावाने मोडली.

आता भार घ्यायचा होता तो मोडून जुळलेल्या घोट्याच्या पायावर. शेवटच्या होल्सना पाय गोळे येऊन आखडत होते. अठराव्या होलवर त्याने एक नंबरच्या लोखंडी क्लबने मारलेल्या फटक्याचे पाठमोरे छायाचित्र प्रसिद्ध आहे: उजवी टाच उचललेली, सगळा भार डावीकडे, शरीर स्थिर. तिघांची बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी आणखी १८ होल खेळून होगनने ६९ फटक्यांत बाजी मारली. लॉइड मँग्रम ७३वर, जॉर्ज फाझिओ ७५वर राहिला.

१९५३मध्ये त्याच पायांवर त्याने मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन जिंकल्या.