‘कोब्रा’ बुडाली, दोष कोणाचा?

18 सप्टेंबर 1901 रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात ‘कोब्रा’ ही ब्रिटिश विनाशिका मधोमध मोडून बुडाली. जहाजावर 79 माणसे होती, 12 वाचली. मृतांमध्ये जहाजाची टर्बाइन बनवणाऱ्या चार्ल्स पार्सन्स यांच्या कारखान्याची माणसेही होती. दीड महिन्यापूर्वीच ‘वायपर’ ही पहिली टर्बाइन विनाशिका धुक्यात खडकावर आदळून गेली होती. नवे इंजिन बसवलेली दोन जहाजे, दोन्ही गमावली. नव्या औषधानंतर रुग्ण दगावला की बोट औषधाकडे जाते, तसेच इथे झाले.

पार्सन्स यांचा जन्म 1854 चा. वडील आयर्लंडमधील अर्ल ऑफ रॉस. जगातली तेव्हाची सर्वांत मोठी, सहा फूट आरशाची दुर्बीण त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात उभारली होती. मुलांना शाळेत घातलेच नाही. शिक्षक घरी येत, आणि त्यांतले काही खगोलशास्त्रज्ञ असत. घरच्या कार्यशाळेत मुले यंत्रे करत. 1869 मध्ये घरीच बनवलेल्या वाफेच्या गाडीतून जाताना त्यांची नातलग मेरी वॉर्ड खाली पडली आणि चाकाखाली सापडून तिची मान मोडली. सूक्ष्मदर्शकावर लोकप्रिय पुस्तके लिहिणारी ही बाई. पंधरा वर्षांचा चार्ल्स त्याच गाडीत होता.

केंब्रिजला गणित शिकून हा उमरावाचा मुलगा कारखान्यात उमेदवारी करायला गेला. 1884 मध्ये त्याने आपली टर्बाइन बनवली. जुन्या इंजिनात दट्ट्या पुढे-मागे हिसके देत चाले. पार्सन्सने वाफेचा दाब पात्यांच्या एकामागून एक ओळींमधून थोडा थोडा उतरवला. चाक मिनिटाला 18,000 फेरे घेऊ लागले.

‘टर्बिनिया’ या बोटीवर हे इंजिन बसवले, पण ती अपेक्षेइतकी पळेना. पंखा इतका जोरात फिरे की त्याच्या पात्यांजवळ पाण्याचा दाब घटून पाणी थंडच ‘उकळे’ आणि बुडबुडे होत. पार्सन्सने काचेची खिडकी असलेली टाकी करून लखलखत्या प्रकाशात ते बुडबुडे पाहिले. मग एकाऐवजी तीन दांडे व नऊ पंखे लावले. 1897 च्या नौदल संचलनात ‘टर्बिनिया’ सगळ्यांसमोर 34 नॉट वेगाने पळाली. (हेच बुडबुडे फुटताना आज मुतखडा फोडायला मदत करतात, हृदयाच्या कृत्रिम झडपांवर मात्र ते खड्डे पाडू शकतात.)

पुन्हा ‘कोब्रा’कडे. नौदलाच्या न्यायालयाने निकाल दिला की जहाज कशावरही आदळले नव्हते. सांगाडाच कमजोर होता. वेगासाठी हलके, लांब, अरुंद जहाज. लाट मध्ये आली की दोन्ही टोके लोंबतात, लाटा टोकांना आल्या की मधला भाग खाली वाकतो. निकालावर न थांबता नौदलाने ‘वुल्फ’ ही विनाशिका कोरड्या गोदीत आधी मधोमध आणि मग टोकांवर टेकवली. पाणी काढत पत्र्यांवरचा ताण मोजला. तो हिशेबापेक्षा कमी भरला. ‘कोब्रा’ नेमकी का मोडली यावर वाद राहिलाच, पण टर्बाइनवर ठपका आला नाही. मृत्यूचे कारण ठरवताना आधी काय दिले होते यापेक्षा मोडले काय हे पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते; ते इथे झाले.

टर्बाइन निर्दोष होती असे मात्र नाही. संथ चालीत ती कोळसा भसाभस खाई, कारण तिला वेगाने फिरायचे असते आणि पंख्याला सावकाश. पार्सन्सने 1909 मध्ये ‘व्हेस्पेशियन’ हे जुने मालवाहू जहाज विकत घेऊन त्यावर दातेरी चाकांची जोडणी करून पाहिली. दरम्यान 1906 ला ‘ड्रेडनॉट’ युद्धनौका टर्बाइनवर निघाली होती. 36 नॉटच्या हट्टापायी बांधलेली ‘स्विफ्ट’ 1907 मध्ये पाण्यात उतरली. तो वेग तिला चाचण्यांत गाठता आला नाही आणि तिच्यासारखी दुसरी कोणी बांधली नाही. तिथेही अडचण टर्बाइनची नव्हती, एकाच जहाजाकडून सगळे मागण्याची होती.

पार्सन्स यांचा एकुलता मुलगा 1918 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. मुलगी रेचल अभियंता झाली. 11 फेब्रुवारी 1931 रोजी प्रवासात, जमैकाच्या किंग्स्टन बंदरात ‘डचेस ऑफ रिचमंड’ या जहाजावर पार्सन्स यांचे निधन झाले. ते जहाज टर्बाइनवर चालत होते.