उष्णतेचा हिशेब आणि रेडिओची खरखर

खंडाळ्याच्या घाटात गाडीतला एफएम रेडिओ खरखरू लागला, की बरोबरची मंडळी बटणे फिरवू लागतात आणि मला जोसेफ फूरिये आठवतात. घरचे हसतात. १८३० साली वारलेल्या फ्रेंच गणितज्ञाचा या खरखरीशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो एका अडवलेल्या निबंधाचा आहे.

ओसेर गावच्या शिंप्याचा हा मुलगा १७६८ मध्ये जन्मला. नवव्या-दहाव्या वर्षी पोरका झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, फूरिये तुरुंगात पडले. रोबस्पिएरची सत्ता कोसळली म्हणून सुटले. १७९८ मध्ये ते नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेले. परतल्यावर त्याने त्यांना ग्रनोबलला धाडले, आपल्या कलेक्टरसारख्या हुद्द्यावर. दलदली उपसणे, आल्प्समधून तुरीनकडे रस्ता काढणे ही सरकारी कामे. उरल्या वेळात घन पदार्थांतून उष्णता कशी पसरते याचा हिशेब!

त्या हिशेबात त्यांना एक विलक्षण गोष्ट गवसली. कितीही वेडावाकडा आलेख असो, तो साध्या, नियमित लहरींची बेरीज करून उभा करता येतो. १८०७ मध्ये निबंध पॅरिसला गेला. लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञाला तो पटेना. पुढे स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले, तेही काटेकोरपणा कमी असल्याचा शेरा मारून. ग्रंथ निघायला १८२२ उजाडले. पंधरा वर्षे! परीक्षक अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही; सिद्धतेतल्या फटी खऱ्या होत्या, त्या पुढच्यांनी बुजवल्या. पण कल्पनाही खरी होती.

आता रेडिओकडे येऊ. डिजिटल प्रक्षेपणात आवाजाचे आधी आकडे करतात. कानाला न जाणवणारा भाग गाळतात आणि वाटेत काही हरवले तर भरून निघावे म्हणून थोडे जादा आकडे जोडतात. ते एकाच लहरीवर भरधाव सोडले, तर डोंगरावर आपटून उशिरा येणारा प्रतिध्वनी पुढच्या आकड्यावर चढून बसतो. एफएमची घाटातली खरखरही बरीचशी अशा प्रतिध्वनींचीच. म्हणून युरोपात १९९५ मध्ये सुरू झालेल्या डॅब पद्धतीत आकडे १५३६ बारीक लहरींवर वाटून देतात. प्रत्येक लहर आपला वाटा मिलिसेकंदभर सावकाश धरून ठेवते. शेजारच्या दोन लहरींत नेमके एक किलोहर्ट्झ अंतर राखल्याने मोजताना त्यांची सरमिसळ होत नाही. दर वेळी पाव मिलिसेकंद राखीव असतो. तेवढ्यात मागे रेंगाळलेले प्रतिध्वनी येऊन जातात. आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी घेतलेल्या डीआरएम पद्धतीच्या गाभ्यातही हीच युक्ती आहे.

प्रक्षेपक या लहरींची बेरीज करतो, आपल्या रेडिओतली चिप तिची पुन्हा फोड करते. दोन्हीकडे फूरियेंचेच गणित. १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी त्याची झटपट रीत प्रसिद्ध केली, त्यामुळे ते इवल्या चिपला झेपते. अर्थात लहर फारच क्षीण झाली, तर डिजिटल रेडिओ खरखरत नाही, सरळ मुका होतो.

उतारवयात फूरिये उकाड्यातही गरम कपडे लपेटून, तापवलेल्या खोलीत बसत, असे सांगतात. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे, आणि त्याच मनोऱ्याच्या माथ्यावर प्रक्षेपणाच्या अँटेना उभ्या आहेत.