चेहऱ्यावर गुन्हा लिहिलेला असतो का? – चेझारे लोंब्रोसो

वर्गात कुणाचं पेन हरवलं की आपली नजर आधी कुणाकडे जाते? बहुतेक वेळा ठरलेल्या एखाद्या मुलाकडेच. हा मुलगा मुळातच तसला, असं आपण चौकशीआधीच ठरवून टाकतो. हाच समज शास्त्र म्हणून मांडणाऱ्या एका डॉक्टरांचं चरित्र आज पाहू.

चेझारे लोंब्रोसो यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1835 रोजी इटलीतील व्हेरोना शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकीचं शिक्षण घेऊन 1859 मध्ये ते सैन्यात डॉक्टर झाले. सैनिकांची मोजमापं घेणं, त्यांच्या अंगावरचं गोंदण टिपणं हा छंद तिथेच लागला. पुढे मनोरुग्णालयांत काम करताना त्यांनी मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांच्या पेलाग्रा रोगाचाही अभ्यास केला. म्हणजे माणूस काही दगडाच्या काळजाचा नव्हता.

1870 च्या सुमारास विलेला नावाच्या, चोरीसाठी शिक्षा झालेल्या कैद्याची कवटी तपासताना त्यांना मागच्या बाजूला एक वेगळा खळगा दिसला. असा खळगा काही खालच्या प्राण्यांत आढळतो. झालं! गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1876 मध्ये त्यांचा ‘गुन्हेगार मनुष्य’ हा ग्रंथ आला आणि ते तुरीन विद्यापीठात प्राध्यापक झाले. मोठा जबडा, पुढे आलेले कान, लांब हात, वेदना कमी जाणवणं ही त्यांनी जन्मजात गुन्हेगाराची लक्षणं मानली. अशांना आयुष्यभर कोंडून ठेवावं, काहींना तर मृत्युदंड द्यावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली.

टीका झाली तसे ते थोडे बदलले. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी गरिबी, दारू, शिक्षण यांनाही जागा दिली आणि जन्मजात गुन्हेगार साधारण एक तृतीयांशच असतात, असं मान्य केलं. पण मूळ कल्पना सोडली नाही. 19 ऑक्टोबर 1909 रोजी तुरीनमध्ये त्यांचं निधन झालं. स्वतःचं शरीर त्यांनी अभ्यासासाठी दिलं होतं. त्यांचा सांगाडा आजही तिथल्या संग्रहालयात आहे.

1913 मध्ये इंग्लंडचे तुरुंग-डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे 3000 कैद्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. विद्यार्थी, सैनिक अशा इतर लोकांशी तुलना करूनही गुन्हेगाराचा वेगळा शारीरिक साचा काही सापडला नाही. लोंब्रोसोंची चूक इथेच होती. तुरुंगातल्या माणसांत जे दिसलं, ते बाहेरच्या माणसांतही आहे का, हे त्यांनी पुरेसं काटेकोरपणे पाहिलं नाही.

जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा विचार त्यांच्या एकट्याचा नव्हता. त्यांच्या ग्रंथाच्या पाच वर्षं आधी, 1871 मध्ये, ब्रिटिशांनी आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा आणला होता. पारध्यांसारख्या जमातींतली मुलं जन्मतःच संशयित ठरली. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण शिक्का अजून पुसला गेलेला नाही. आपल्या वर्गातही तो कधी कधी येऊन बसतो.

मग जीवशास्त्राचा काहीच संबंध नाही का? तसंही नाही. उतावळेपणा, धोक्याची भीती कमी वाटणं अशा स्वभावगुणांत अनुवंशाचा वाटा असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. पण तो वाटा म्हणजे कल असतो, निकाल नव्हे. तोच धाडसी मुलगा कबड्डीत चढाई करू शकतो, नाहीतर वाईट संगतीत भिंतीवरून उडी मारू शकतो. घर, शाळा, पोटभर जेवण आणि विश्वास ठेवणारं एक मोठं माणूस यांनी बराच फरक पडतो.

तेव्हा पुढच्या वेळी पेन हरवलं तर आधी बाकाखाली शोधूया. त्या मुलाकडे बघायचंच असेल, तर शोधायला मदतीला बोलवण्यासाठी बघूया.